माळव्याच्या मातीतच शोधावा गोगलगायीचा शत्रू : इंदूरच्या कृषिशास्त्रज्ञांना खुले पत्र

प्रति,
कृषी महाविद्यालय आणि सोयाबीन संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ व प्राध्यापक,
इंदूर.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

मृग लागायला आता जेमतेम तीन आठवडे उरले आहेत. पहिल्या दोन-तीन दमदार सरी झाल्या की आमच्या घरामागच्या बागेत कुंड्यांच्या बुडाखालून, विटांच्या फटींतून आणि पालापाचोळ्याच्या ढिगातून शंखी गोगलगायी बाहेर पडू लागतील. मग अळू, झेंडू, पालक आणि मिरचीची कोवळी रोपे यांची काय गत होते, ते गेली सहा वर्षे मी रात्री हातात बॅटरी घेऊन पाहत आले आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण मात्र केवळ माझी बाग नाही. आमच्या भागातील बागप्रेमी मंडळींनी यंदा वर्गणी काढून, इंग्लंडात राहणाऱ्या एकाच्या नातेवाइकांमार्फत, गोगलगायी मारणाऱ्या सूत्रकृमींची, म्हणजे धाग्यासारख्या अतिशय बारीक कृमींची, पाकिटे मागवण्याचा बेत केला आहे. मी तीस वर्षे याच शहरात मुलांना जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे माझे मत विचारण्यात आले. मी नको म्हटले, आणि का नको हे सांगता सांगता माझ्या ध्यानात आले की नुसता नकार देऊन भागणार नाही, कारण ज्या कल्पनेवर ही पाकिटे तयार होतात ती कल्पना अतिशय मोलाची आहे. तिची माळव्याच्या मातीत, माळव्याच्या गोगलगायींवर परीक्षा व्हायला हवी, आणि ती आपल्याखेरीज या शहरात दुसरे कोणी करू शकेल असे मला वाटत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी शत्रूविषयी. माझ्या बागेत तीन प्रकार दिसतात. एक लहान, पातळ, चकचकीत तपकिरी शंखाची आपली इथली गोगलगाय, दुसरी काळपट, चपटी, बिनशंखी, आणि तिसरी ती मोठी आफ्रिकन गोगलगाय, जिचा शंख शेंदरी-तपकिरी पट्ट्यांचा आणि तळहाताएवढा होतो. शाळेत गोगलगायींच्या वर्गाला उदरपाद म्हणतात हे सांगताना मी मुलांना 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आवर्जून आठवायला लावत असे, कारण शास्त्राने दिलेले नाव आणि आजीने सांगितलेली म्हण इतकी तंतोतंत जुळण्याचे प्रसंग थोडेच. आफ्रिकन गोगलगाय मुळची पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन या शंखतज्ज्ञाने 1847 मध्ये ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या बागेत सोडली. तिथून गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती देशभर पसरत गेली. ती पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती खाते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यामुळे समागमानंतर दोघीही अंडी घालू शकतात, शिवाय एकदा मिळालेले शुक्राणू साठवून ठेवून पुढे कित्येकदा अंडी घालता येतात. एका खेपेला शंभर ते चारशे अंडी! मागच्या श्रावणात तुळशीची कुंडी बदलताना मातीच्या तळाशी मला ती सापडली. भिजवून ठेवलेल्या साबुदाण्यासारखी, किंचित पिवळसर, एकमेकांना चिकटलेली. मी ती वर्तमानपत्रावर काढून मोजली, तर एकशे त्र्याऐंशी भरली, आणि ती सारी एकाच कुंडीतली होती.

ही कुंडी मी ज्या रोपवाटिकेतून आणली, तिथेच हा प्रसाद मिळाला असावा अशी माझी खात्री आहे, कारण त्याआधी त्या कोपऱ्यात मोठी गोगलगाय मी कधी पाहिली नव्हती. रोपवाटिकेचे नाव मी लिहीत नाही, कारण दोष तिथल्या एका माळ्याचा नाही. कुंडीतली माती, शेणखत, ओल्या विटा, बांधकामाची वाळू यांबरोबर अंडी गावोगाव फिरतात आणि त्यांची तपासणी करण्याची पद्धतच आपल्याकडे नाही.

आता उपायांविषयी. लोक काय करतात ते मी जवळून पाहिले आहे. मीठ टाकतात, ज्याने गोगलगाय मरते खरी पण कुंडीतली मातीही नासते. चुन्याचा पट्टा ओढतात, तो पहिल्या सरीत वाहून जातो. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेने पसरून पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचणे हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे, आणि मी स्वतः तोच करते, परंतु एका बागेला पुरणारे हे काम दहा एकरांच्या शेताला कसे पुरावे? म्हणून मग मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या येतात. या गोळ्यांत कोंडा किंवा तत्सम खाद्य मिसळलेले असते, म्हणजे त्या गोगलगायीला जितक्या आवडतात तितक्याच कुत्र्यालाही आवडतात. तीन पावसाळ्यांपूर्वी जवळच्या एका वसाहतीच्या सार्वजनिक बागेत अशा गोळ्या टाकल्या गेल्या, आणि आमच्या गल्लीतल्या सर्वांच्या लाडक्या कुत्रीने त्या खाल्ल्या. संध्याकाळी ती थरथरू लागली, मग झटके येऊ लागले, अंग तव्यासारखे तापले, आणि डॉक्टर येईपर्यंत सारे संपले होते. तिची चार पिल्ले आम्ही बाटलीने दूध पाजून वाढवली. त्या बागेत भारद्वाजाची एक जोडी असे. भारद्वाज पक्षी गोगलगायी फोडून खातो हे मी स्वतः पाहिलेले आहे, म्हणजे जो पक्षी आपले काम फुकट करतो त्याच्याही ताटात आपण विष वाढतो. ब्रिटनने तर मार्च 2022 अखेर या विषाचा उघड्यावरील वापर बंदच केला. जिथे गोळ्यांशिवाय गत्यंतर नाही तिथे लोहयुक्त फॉस्फेटच्या गोळ्या पुष्कळ कमी धोक्याच्या असतात, पण आपल्या बाजारात माणूस दुकानदाराला 'गोगलगायीचे औषध द्या' एवढेच म्हणतो आणि जे हातात पडेल ते घरी आणतो.

असेच एकदा माझ्याही हाती भलतेच औषध पडले. एका विक्रेत्याने 'गोगलगायीवर जैविक, अगदी बिनविषारी' असे सांगून मला सूत्रकृमींची भुकटी विकली. पाकिटावर हुमणीचे, म्हणजे पिकांची मुळे खाणाऱ्या अळीचे, चित्र होते, तरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मी ती पाण्यात कालवून दोन वेळा बागेत ओतली. गोगलगायींना काहीही झाले नाही, आणि होणारही नव्हते. हुमणीसारख्या किडींना मारणारे सूत्रकृमी हे कीटकांचे परजीवी असतात आणि गोगलगायींचे परजीवी वेगळे, हा भेद मला ठाऊक असूनही मी त्या दिवशी तो विसरले, याचे आजही वाईट वाटते. हा भेद शेतकऱ्यापर्यंत आणि बागवानापर्यंत पोहोचला नाही तर एका चांगल्या शास्त्रावरचा लोकांचा विश्वास अशा पाकिटांमुळेच उडेल.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. आपल्या शेतकऱ्याला 'सूत्रकृमी' हा शब्द शत्रू म्हणूनच ठाऊक आहे, कारण टोमॅटो, वांगी, भेंडी, डाळिंब यांच्या मुळांवर गाठी आणणारा तो हाच. त्याला 'शेतात सूत्रकृमी सोडा' म्हटले तर तो दचकणारच. पण सूत्रकृमी हे एका प्रचंड मोठ्या प्राणिसमूहाचे नाव आहे. त्यातले काही मुळे पोखरतात, काही मातीतले जिवाणू खाऊन जगतात, काही कीटकांच्या अंगात वाढतात, आणि काही थोडे गोगलगायींना मारतात.

या शेवटच्या गटातला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फॅस्मार्‍हॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा. एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात बारकाईने अभ्यासला गेला आणि 1994 मध्ये बागवानांसाठी बाजारात आला. तो काम कसा करतो ते मला फार विलक्षण वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते, आणि आपणांस हे ठाऊक असणारच तरी हे खुले पत्र इतरही वाचतील म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. या सूत्रकृमीची पिल्ले अन्न नसताना एका खास अवस्थेत जातात. तोंड बंद, अंगावर जास्तीची कात, आणि महिनोन्‌महिने थांबण्याची तयारी. ओल्या मातीत फिरताना त्यांना गोगलगायीचा चिकट माग आणि विष्ठा यांचा वास लागतो. बिनशंखी गोगलगायीच्या पाठीवर प्रावार नावाचे जे कातडीचे आच्छादन असते, त्याच्या मागच्या बाजूच्या लहानशा छिद्रातून ती आत शिरतात आणि त्याखालच्या पोकळीत वाढतात. काही दिवसांत प्रावार सुजतो, गोगलगाय खाणे सोडते, आणि चार दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हातरी मरते. मरण्यापूर्वी ती बहुधा मातीत खोल जाते, त्यामुळे बागेत प्रेते दिसत नाहीत आणि औषध चालले की नाही हे पानांवरच्या छिद्रांवरूनच ओळखावे लागते. मेलेल्या शरीरावर सूत्रकृमींची पुढची पिढी पोसली जाते, आणि अन्न संपले की पुन्हा ती थांबणारी पिल्ले मातीत उतरतात. कारखान्यात हे सूत्रकृमी मोठ्या टाक्यांतील द्रवात मोरॅक्सेला नावाच्या एका जिवाणूवर वाढवले जातात, चिकणमातीसारख्या वाहक पदार्थात मिसळून थंड ठेवले जातात, आणि मग झारीने मातीवर शिंपडले जातात. प्रमाण दर चौरस मीटरला तीन लाख, म्हणजे हेक्टरी तीन अब्ज. गांडुळांना त्यांच्यापासून इजा होत नाही हे वेगवेगळ्या प्रयोगांत तपासले गेले आहे.

हे सारे ऐकल्यावर पाकिटे मागवू नयेत असे मी का म्हणते?

पहिले कारण हवामान. हा सूत्रकृमी थंड, ओल्या इंग्लिश मातीत वाढलेला आहे. पाच ते वीस अंश तापमान त्याला मानवते, पंचविसाच्या वर तो निकामी होऊ लागतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात, म्हणजे गोगलगायी सर्वाधिक सुटतात त्याच काळात, रात्रीचे किमान तापमानही बावीस-तेवीस अंशांच्या खाली क्वचितच जाते. पाकिटे विमानतळावर, कस्टममध्ये आणि कुरिअरच्या गोदामात उन्हात पडून राहतील ती गोष्ट निराळीच.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. ज्या आफ्रिकन गोगलगायीमुळे हा सारा खटाटोप सुरू झाला, तिच्यावर हा सूत्रकृमी प्रयोगशाळेत सोडून पाहिला गेला आहे, आणि ती त्याला दाद देत नाही. इतकेच नव्हे तर ती त्याला आपल्या शंखाच्या आतल्या पृष्ठभागात गाडून टाकते. शंख वाढवणारे जे द्रव्य ती आतून लिंपत असते त्याच द्रव्यात सूत्रकृमी अडकतात, त्यांवर थर चढतो आणि ते तिथेच मरतात. संशोधकांना असे गाडले गेलेले सूत्रकृमी कित्येक जातींच्या शंखांत सापडले, इतकेच काय, संग्रहालयांत जपलेल्या जुन्या शंखांतही सापडले. म्हणजे शंख ही नुसती ढाल नाही, तो शत्रूला पकडून पुरणारा सापळाही आहे. हे वाचल्यावर मी आमच्या खताच्या खड्ड्यापाशी पडलेले रिकामे शंख गोळा करून, आडवे फोडून, भिंगातून पाहिले. दोन शंखांच्या आत मला पांढरे, तांदळाच्या कणीहूनही बारीक, वाकडे ठिपके दिसले. ते सूत्रकृमी होते असा दावा मी करणार नाही, कारण माझ्याकडे साधे भिंग आहे आणि सूक्ष्मदर्शक शाळेबरोबरच सुटला. पण आपल्याकडे सूक्ष्मदर्शक आहेत, आणि माळव्यात गोगलगायींचे रिकामे शंख हवे तेवढे पडलेले आहेत. आपल्या भागात गोगलगायीला कोणते सूत्रकृमी आजवर भेटले आहेत हे समजण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला तरी सुचत नाही.

तिसरे कारण परक्या जीवाचे भय. वनस्पती संगरोध आदेश 2003 नुसार जैविक नियंत्रणासाठी वापरायचे जीव परवानगीशिवाय देशात आणता येत नाहीत, हे मंडळींना मी सांगितले तेव्हा काहींना ती सरकारी अडवणूक वाटली. तिच्यामागचे कारण हवाई बेटांवर घडलेल्या अनर्थात आहे. याच आफ्रिकन गोगलगायीला आळा घालण्यासाठी फ्लोरिडाकडची एक मांसाहारी गोगलगाय 1955 मध्ये तिथे नेऊन सोडली गेली. तिने आफ्रिकन गोगलगायीकडे फारसे लक्ष दिले नाही आणि झाडांवर राहणाऱ्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या नाजूक देशी गोगलगायी मात्र संपवत नेल्या. 1977 मध्ये ती ताहितीजवळच्या मोरिया बेटावर सोडली गेली, आणि सुमारे दहा वर्षांत तिथल्या पार्टुला वंशाच्या गोगलगायी रानातून जवळजवळ नाहीशा झाल्या. आपल्याकडे सह्याद्रीत आणि ईशान्येत अशाच अनेक देशी जाती आहेत. सूत्रकृमी मांसाहारी गोगलगायीसारखा दूरवर चालत जाणार नाही हे मान्य, तरी एकदा मातीत सोडलेला जीव वेचून परत घेता येत नाही.

मग करायचे काय, तर आपल्याच मातीत शोध घ्यायचा. याला आपल्या देशातच चांगला दाखला आहे. कीटकांना मारणाऱ्या सूत्रकृमींचे प्रयोग आपल्याकडे 1960 च्या दशकात परदेशी वाणावरच सुरू झाले आणि आपल्या उष्ण हवेत त्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. पुढे तमिळनाडूत कोइमतूरच्या मातीत एक उष्णता सोसणारी देशी जात सापडली. 1992 मध्ये तिचे हेटेरोर्‍हॅब्डायटिस इंडिका असे नामकरण झाले, आणि आज बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेच्या तंत्राने तिची भुकटी हुमणीविरुद्ध शेतकऱ्यांपर्यंत पोहोचते. मला चुकून विकली गेली ती भुकटीही बहुधा त्याच घराण्यातली होती! गोगलगायींच्या परजीवींच्या बाबतीत जगभर आता हीच वाट धरली जात आहे. फॅस्मार्‍हॅब्डायटिसचे भाऊबंद कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, इजिप्त अशा एकमेकांपासून दूरच्या प्रदेशांत मिळाले आहेत. इजिप्तच्या उन्हात जर हा वंश टिकतो, तर माळव्याच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या मातीत त्याचा शोध घेणे मुळीच वेडेपणाचे नाही.

मागच्या भाद्रपदात मी एक छोटा प्रयोग केला. वाफ्यात आपोआप मेलेली एक काळी बिनशंखी गोगलगाय, जिची पाठ विचित्र फुगलेली होती, हातमोजे घालून उचलली, एका बाटलीच्या झाकणात ओल्या टिपकागदावर ठेवली, आणि ते झाकण पाणी घातलेल्या बशीत ठेवून वर वाडगा उपडा घातला. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात बशी तिरपी केली तर पाण्यात शेकडो बारीक धागे वळवळत होते. धागा म्हणजे सूत्र, हे नाव ज्याने दिले त्याने ते पाहूनच दिले असणार. मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून ते दाखवले. पण त्यांना आनंद होत असताना मला एक गोष्ट सांगावीच लागली, आणि इथेही सांगते, की मेलेल्या गोगलगायीवर सूत्रकृमी दिसले याचा अर्थ त्यांनीच तिला मारले असा होत नाही. कुजणाऱ्या मांसावर जिवाणू येतात आणि जिवाणू खाणारे सूत्रकृमी त्यांच्यामागे येतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा, 1998 मध्ये ज्याचा जनुकसंच सर्व प्राण्यांत प्रथम वाचला गेला, तो निरुपद्रवी सीनोर्‍हॅब्डायटिस एलेगन्सदेखील कितीदा तरी गोगलगायींच्या अंगावर स्वार होऊन प्रवास करताना सापडतो. खुनी कोण आणि वाटसरू कोण हे ठरवायचे तर ते सूत्रकृमी शुद्ध स्वरूपात वाढवायला हवेत, निरोगी गोगलगायींवर मोजून सोडायला हवेत, शेजारी न सोडलेल्या गोगलगायी ठेवून तुलना करायला हवी, आणि मेलेल्यांतून पुन्हा तेच सूत्रकृमी बाहेर काढून दाखवायला हवेत. माझ्या स्वयंपाकघरात हे होणार नाही, पण आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे अवघड नाही.

म्हणून माझी विनंती अशी की येत्या पावसाळ्यात आपण एक पाहणी हाती घ्यावी. शहरातल्या बागा, रोपवाटिका, चोइथराम मंडईच्या आसपासचे भाजीपाल्याचे कचराढीग, आणि महू, सांवेर, देपालपूरकडची सोयाबीनची शेते येथून जिवंत गोगलगायी जमवाव्यात. त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवून, मरतील त्यांची तपासणी करावी. तीनही जातींचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण जो सूत्रकृमी बिनशंखीला मारेल तो आफ्रिकनला मारेलच असे नाही. आफ्रिकन गोगलगायीच्या बाबतीत मोठ्या गोगलगायीपेक्षा तिची कोवळी, पातळ शंखाची पिल्ले हेच खरे लक्ष्य असावे, कारण युरोपातल्या बागेतल्या शंखी गोगलगायींतही पिल्लेच सूत्रकृमीला अधिक बळी पडतात. काही सापडले तर गांडुळे, मधमाश्या आणि आपल्या देशी गोगलगायी यांच्यावर ते निर्धोक आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. त्यांच्यासोबतच्या जिवाणूंचीही तपासणी व्हावी, कारण मोरॅक्सेलाची ती जात अशक्त माणसांना क्वचित बाधू शकते, आणि लोकांच्या हातात जाणारी वस्तू सर्व बाजूंनी तपासलेली असावी.

या कामात हात घालणाऱ्या प्रत्येकाला एक इशारा अगदी ठळकपणे द्यायला हवा, विशेषतः मुलांना. गोगलगायीत राहणारा आणखी एक सूत्रकृमी आहे, उंदराच्या फुप्फुसातला अँजिओस्ट्राँगिलस. त्याची पिल्ले उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत येतात, आणि कच्ची भाजी, न धुतलेले हात यांतून माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. भारतातही त्याची नोंद आहे. गोगलगाय उघड्या हाताने उचलायची नाही, कोशिंबिरीची पाने नीट धुवायची, आणि मेलेली गोगलगाय नुसती उकिरड्यावर फेकायची नाही, हे प्रत्येक बागेच्या फाटकावर मराठी-हिंदीत लिहिले जावे.

हे काम इंदूरनेच का करावे, असे कोणी विचारील. 1924 मध्ये इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पती उद्योग संस्था उभारली, होळकर दरबाराने तिला तीनशे एकर जमीन दिली, आणि रसायनाचे काम पाहणारे त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्या साथीने पालापाचोळा, शेण आणि मूत्रमिश्रित माती यांपासून खत करण्याची जी रीत तिथे सिद्ध झाली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1935 मध्ये गांधीजी येथे आले तेव्हा त्यांनी ती पाहिली होती. आज आपले महाविद्यालय त्याच आवारात आहे. हॉवर्ड आणि वाड यांनी विलायतेतून खताची पोती मागवण्याची शिफारस केली नाही. त्यांनी इथल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात काय पडून आहे ते पाहिले. शिवाय त्याच खताच्या ओल्या, गार ढिगात आज गोगलगायी अंडी घालतात, हे मी रोज बघते. त्या ढिगाच्या आतली उष्णता चांगली चढली तर अंडी टिकत नाहीत, पण घरोघरच्या लहान ढिगात ती चढत नाही. खत कसे करावे हे शिकवणाऱ्या शहराने खताबरोबर गोगलगायी कशा जाऊ नयेत हेही शिकवावे, ही माझी वेगळी पण याच विषयाशी जोडलेली विनंती आहे. रोपवाटिकांतून बाहेर पडणारी माती आणि कुंड्या यांच्या तपासणीचा एक साधा नियम आपण सुचवलात तर महानगरपालिकेचा उद्यान विभाग तो ऐकेल अशी मला आशा आहे.

सोयाबीन संशोधन संस्थेला या पत्रात सामील करण्याचे कारणही सांगते. 2022 च्या जुलैत मराठवाड्यात, लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, शंखी गोगलगायींनी उगवलेले सोयाबीन रातोरात खाऊन टाकले आणि कित्येक शेतकऱ्यांना दुबार, तिबार पेरणी करावी लागली. माझी आत्येबहीण त्याच भागात राहते. तिच्या शेतात दोन पाने फुटलेली रोपे संध्याकाळी हिरवीगार होती, आणि सकाळी काळ्या मातीवर फक्त चिकट, चांदीसारख्या चमकणाऱ्या रेषा आणि रोपांचे बुडखे उरले होते. तिने फोनवर मला विचारले, 'ताई, तू शिकलेली, यावर काही सांग.' मी गुळाच्या गोणपाटाखेरीज काही सांगू शकले नाही. तोच पाऊस, तीच काळी माती आणि तेच पीक माळव्यात आहे. आपल्या शेतांत असे घडण्याची वाट पाहून मग विषाची पोती वाटण्यापेक्षा दोन-तीन वर्षे आधी शोध सुरू होणे किती शहाणपणाचे! एक सूत्रकृमी सापडला म्हणजे प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. तो वाढवायचा, भुकटीत टिकवायचा, आपल्या उन्हाळ्यात थंड साठवायचा, आणि एकरी परवडेल अशा किमतीत द्यायचा, यात वर्षे जातील. शेतापेक्षा आधी तो रोपवाटिकांत आणि भाजीच्या वाफ्यांत उपयोगी पडेल असा माझा अंदाज आहे, कारण तिथे ओल कायम असते आणि क्षेत्र लहान असते. तोवर गोणपाट, हाताने वेचणे, बांध स्वच्छ ठेवणे, आणि रोपे आणताना कुंडीचे बूड तपासणे हे चालूच राहील.

आमच्या मंडळींनी परदेशी पाकिटांचा बेत सध्या स्थगित ठेवला आहे, आणि जमलेली वर्गणी आपल्या पाहणीला डबे, टिपकागद, हातमोजे यांसाठी देण्याची त्यांची तयारी आहे. माझ्याकडे सहा पावसाळ्यांची वही आहे. कोणत्या तारखेला पहिली गोगलगाय दिसली, किती वेचल्या, कोणत्या झाडावर, त्या दिवशी पाऊस किती होता, हे सारे त्यात लिहिलेले आहे. ती वही आणि आमची बाग दोन्ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या आहेत. गोगलगायी रात्री नऊनंतर बाहेर येतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी त्या वेळेला यावे, बॅटरी आणि हातमोजे आणावेत. परतायला उशीर होईल, तेव्हा जेवण आमच्याकडेच असेल. पहिली दमदार सर झाल्याच्या दुसऱ्या रात्रीपासून मी वाट पाहीन.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
इंदूर